आधी गाडीवरचं प्रतिबिंब बघा, मग तंत्राचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा महिन्यांपूर्वी कॅमेरा घेतला, सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे, मित्रांच्या गाड्यांचे फोटो काढता. फोटो स्वच्छ येतात, पण ‘पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी’ यापलीकडे काही जात नाही. जाणकार म्हणतात की पॅनिंग (चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवून फोटो काढणं) शिका, रात्रीचं लाइट पेंटिंग (अंधारात हातातला दिवा फिरवून गाडी उजळणं) शिका, गाडीला रिग (कॅमेरा बसवायचा लांब दांडा) लावून फोटो काढा, नाहीतर हे नुसते स्नॅप. तर हे सगळं खरंच लागतं का, की साधा फोटोही चांगला असू शकतो?

मी पुण्यात गेली एकोणीस वर्षं गाड्यांचेच फोटो काढते. शोरूमची कामं, मासिकांची कामं, जुन्या गाड्या जिवापाड जपणारी माणसं, अधूनमधून एखादी रॅली. तुमची अडचण पॅनिंग न येण्यात आहे असं मला वाटत नाही. पॅनिंग महिनाभरात हाताला बसतं. गाडी ही मुळात आरशासारखी वस्तू आहे, हे अजून डोळ्यांत बसलेलं नाही, तिथे गाडं अडलंय. तेव्हा आधी त्याबद्दल लिहिते, तंत्राकडे नंतर येते.

गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्यामुळे दाराकडे बघताना आपल्याला रंग दिसतो तितकंच, काळ्या गाडीत तर त्याहून जास्त, समोरच्या जगाचं प्रतिबिंब दिसतं. तुमचा पार्किंगमधला एखादा फोटो मोठा करून बघा. दारावर शेजारची स्कूटर सापडेल, सोसायटीच्या भिंतीवरचे पाण्याचे पाइप सापडतील, मागच्या फेंडरवर झाडाच्या फांद्यांचा गुंता असेल आणि मधोमध फिकट शर्टातले तुम्ही स्वतः असाल. डिझायनरने महिनोन्‌महिने घासून काढलेली बाजूची रेघ त्या गुंत्यात कुठे हरवली ते कळतही नाही. फोटो ‘साधा’ वाटतो तो यामुळे. साधा म्हणण्यापेक्षा गजबजलेला म्हणा. म्हणून मी कामावर काळे किंवा गडद राखाडी कपडे घालते, आणि मदतनीसाला पिवळ्या टी-शर्टवरून दोनदा घरी पाठवलंय.

एक प्रयोग करा, कॅमेरा घरी ठेवून. गडद रंगाची धुतलेली गाडी मोकळ्या माळावर न्या. समोर इमारत नको, झाड नको, विजेचा खांबही नको. गाडीची एक बाजू पश्चिमेकडे करा आणि सूर्य मावळेपर्यंत थांबा. सूर्य बुडाल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेचं अख्खं आकाश एकच दिवा होतं. क्षितिजाजवळ उजळ, वर जाता जाता गडद. तो चढउतार जसाच्या तसा गाडीच्या अंगावर उतरतो. हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत एक सलग उजळ पट्टा दिसायला लागतो, खाली जमिनीची काळी कडा येते, आणि त्या दोघांमधल्या सीमेवर गाडीचा आकार उभा राहतो. मोठ्या स्टुडिओत हेच आकाश बनवण्यासाठी गाडीच्या वर गाडीहून लांब पांढरं कापड ताणतात आणि त्यावर दिवे सोडतात. तुम्हाला ते रोज संध्याकाळी फुकट मिळतं.

आता खाली वाका, पुन्हा उभे राहा. चार पावलं पुढे, चार मागे. प्रत्येक वेळी पट्टा सरकतो, तुटतो, कुठेतरी जाड होतो. ज्या जागेवरून तो न तुटता वाहतो, तिथे तिवई लावायची. मला आजही एका गाडीभोवती फिरण्यात वीस मिनिटं जातात, आणि शटर दाबायला दोन.

याच कामासाठी पोलरायझर, म्हणजे सीपीएल फिल्टर, घ्या. तुमच्या लेन्सला बसणारी ही पहिली खरेदी असावी. लॅकर आणि काच यांवरून तिरक्या कोनात परतणारा उजेड तो कापतो. पृष्ठभागावर उभी रेघ कल्पिली तर त्या रेघेपासून साधारण ५५ अंशांच्या आसपास परिणाम सर्वांत जास्त. क्रोमवर मात्र त्याचं काही चालत नाही, कारण उघड्या धातूवरून परतलेला उजेड तसा कापला जात नाही. अजून दोन गोष्टी माहीत हव्यात. बॉनेट आडवं आणि दार उभं, त्यामुळे रिंग फिरवून बॉनेट स्वच्छ केलं की दारावरची चमक परत येते. तिवई हलवायची नाही, रिंग फिरवत दोन-तीन फोटो घ्यायचे आणि नंतर एकमेकांवर ठेवून जोडायचे. दुसरं म्हणजे बाजूच्या आणि मागच्या टफन काचांवर सीपीएलमधून इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात. ती काचेतली ताणाची नक्षी आहे, तुमची लेन्स बिघडलेली नाही. आणि प्रतिबिंब पूर्ण मारू नका. सगळी चमक गेलेली गाडी पुठ्ठ्याची दिसते.

लेन्सबद्दल थोडक्यात. झूम १८ मिमीवर ठेवून जवळून काढलेल्या गाडीचं नाक फुगतं आणि डिकी आकसते. ५५ वर या आणि मागे चाला. तुमच्या कॅमेऱ्यावर ते फुल-फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या, ८५ मिमीच्या जवळपास जातं, आणि तिथे गाडी तिच्या खऱ्या मापात दिसते. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर धरू नका, हेडलाइटच्या उंचीवर आणा. पुढून तिरका फोटो असेल तर स्टिअरिंग असं वळवा की पुढच्या चाकाची रिम कॅमेऱ्याकडे बघेल, टायरची नक्षी नव्हे. पांढऱ्या गाडीला एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), काळीला तेवढंच कमी करा, नाहीतर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर दोघींनाही राखाडी करून ठेवतो. एवढं केलंत तर तुमच्या फोटोंना कुणी स्नॅप म्हणणार नाही, आणि यात करामत म्हणावी असं एकही तंत्र आलेलं नाही.

आता तंत्र. ती मला प्रिय आहेत, पण प्रत्येक तंत्र एक ठरावीक गोष्ट सांगतं आणि ती त्या गाडीला लागू पडते का, हे आधी विचारायला हवं.

पॅनिंग वेग सांगतं. चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा आणि शटर मुद्दाम हळू ठेवायचं, म्हणजे गाडी स्वच्छ आणि मागचं जग ओढलेलं. शटरचा वेग किती, हे लोक पाठ करतात. त्याऐवजी चाकाचा हिशेब करा. साध्या हॅचबॅकच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला जेमतेम ९ फेऱ्या. १/५०० सेकंदाला फोटो घेतलात तर तेवढ्या वेळात चाक सुमारे ६ अंश फिरतं. चाकाच्या आऱ्या (स्पोक) थिजलेल्या दिसतात आणि धावती गाडी रस्त्यात उभी वाटते. १/६० ला तेच चाक ५० अंशांहून थोडं जास्त फिरतं. पाच आऱ्यांच्या अलॉय चाकामध्ये दोन आऱ्यांतलं अंतर ७२ अंश, म्हणजे आरी जवळजवळ पुढच्या आरीपर्यंत पोचते आणि चाक गोल फिरतंय हे डोळ्याला पटतं. १/३० ला पूर्ण चकती होते, पण तेव्हा तुमची कंबर फार सराईत लागते.

कंबर म्हणते ते उगाच नाही. पाय जिथे शटर दाबायचं त्या दिशेला रोवा, कमरेतून मागे वळून गाडीला लांबूनच पकडा, ती समोर आल्यावर दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. शटरबरोबर थांबणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. सरावाला पुण्यातली पीएमपीची शहर बस घ्या: मोठी, संथ, आणि कुठून येणार हे ठरलेलं. फुटपाथवर मागे, सुरक्षित जागी उभं राहायचं. भर उन्हात १/६० ठेवायचं तर ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ/२० च्या घरात, म्हणजे अगदी बारीक, न्यावं लागतं आणि सेन्सरवरची सगळी धूळ आकाशात ठिपके होऊन बसते. म्हणून सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जा. एलईडी दिवे लावलेली गाडी असेल तर एक वेगळी गंमत दिसेल: ते दिवे डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करतात, त्यामुळे १/२००० सारख्या शटरला एखादा दिवा चक्क विझलेला येतो. पॅनिंगच्या हळू शटरला ही अडचण येत नाही.

पॅनिंगवर बोलताना लार्तीग आठवतोच. जाक आंरी लार्तीग हा फ्रेंच फोटोग्राफर, जन्म १८९४ चा. पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत त्याने एक फोटो काढला. शर्यतीची गाडी चौकटीतून निसटत चाललेली, तिचं मागचं चाक अंड्यासारखं लांबट होऊन पुढे झुकलेलं, आणि मागचे प्रेक्षक नि खांब उलट दिशेला कललेले. कारण तांत्रिक आहे. त्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काच असायची आणि शटरची फट तिच्यावरून उभ्या दिशेने सरकत जायची, म्हणजे फोटोचा प्रत्येक आडवा पट्टा किंचित वेगळ्या क्षणाचा. लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडी त्याच्या हाताहून वेगवान निघाली, म्हणून ती एकीकडे झुकली. प्रेक्षक उभे असूनही कॅमेरा फिरत होता, म्हणून ते दुसरीकडे. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं काम मांडलं, त्यानंतर जगाला तो नीट कळला. आजच्या मोबाइलचा सेन्सरही ओळीओळीने वाचला जातो, म्हणून चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोत खांब तिरके येतात. काटेकोर बघितलं तर त्या फोटोत सगळंच चुकलंय, आणि तरी वेग म्हटलं की मला तोच फोटो दिसतो.

माझा स्वतःचा अनुभव एका रॅलीतल्या मारुती जिप्सीचा. पहिल्या फेरीत मी १/१००० ला धडाधड फोटो घेतले. चिखलाचा थेंब न्‌ थेंब स्वच्छ, ड्रायव्हरच्या हातमोज्याची शिवण दिसतेय, आणि गाडी मात्र शेतात रुतून बसल्यासारखी. दुसऱ्या फेरीत १/४० वर आले. चाळीसेक फोटोंतले तीन लागले. त्या तिनांत जिप्सीचं नाक आणि ड्रायव्हरचं हेल्मेट स्वच्छ, बाकी सगळं वाऱ्यावर. त्या गाडीचं सांगण्यासारखं तिची धाव होती, म्हणून तिथे पॅनिंगला पर्याय नव्हता. चकचकीत उभ्या विंटेज गाडीला तेच लावून काय मिळणार?

लाइट पेंटिंगची एक हकीकत सांगते, कारण तंत्र काय काय बोलून जातं हे मला तिथे कळलं. एका कुटुंबाची जुनी प्रीमियर पद्मिनी होती, गडद निळी, नुकतीच नव्याने रंगवलेली. अंधारात तिवईवर कॅमेरा, आयएसओ १००, एफ/८, शटर २५ सेकंद, आणि मी काळ्या कपड्यांत एलईडीची लांब नळी घेऊन गाडीच्या कडेने चालत गेले, छपराच्या थोडी वर धरून. पडद्यावर फोटो आला. छप्पर सुरेख, बॉनेट सुरेख, मागचे ते छोटे पंख सुरेख, आणि मागच्या दारावर मात्र उजेडाची सरळ रेघ पाण्यात काठी बुडवावी तशी वाकडीतिकडी. माझा हात हलला असेल म्हणून तीनदा चालले. तिन्ही वेळा रेघ त्याच जागी, तशीच वाकडी. मग मालकांनी दारावर बोटांची पेरं वाजवत नेली. पुढे टणटण, आणि त्या जागी आवाज एकदम भरीव. रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता. गॅरेजवाल्याने सांगितलेलं नव्हतं. दिवसा, ढगाळ आकाशाखाली, तेच दार सपाट दिसत होतं आणि माझे दुपारचे साधे फोटो निर्दोष आले होते.

पत्र्यावरची उंचसखल जागा शोधायला डेंटिंगचे कारागीरही नळीच्या दिव्याची रेघ पत्र्यावर सोडून बघतात. मी नकळत तेच केलं होतं. तेव्हापासून लाइट पेंटिंगच्या आधी मी दिवसाच टॉर्च तिरका धरून गाडीचं अंग तपासते. ज्या गाडीचा पत्रा मूळचा आणि सरळ आहे, किंवा ज्या रेस्टोरेशनचा अभिमान बाळगावा, तिथे हे तंत्र अप्रतिम. तिथे ते कारागिराच्या हाताची साक्ष देतं. त्या पद्मिनीला ते लागू नव्हतं. आम्ही तिचा सकाळच्या मऊ उजेडातला फोटो ठेवला, पुढची बाकासारखी सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दिसेल असा, दार उघडं ठेवून.

रिगवर फार वेळ घालवत नाही. गाडीला सक्शन कपांनी लांब दांडा लावायचा, टोकाला कॅमेरा, इंजिन बंद ठेवून गाडी माणसांनी ढकलायची, शटर एक-दोन सेकंद. चालण्याच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी तीनेक मीटर जाते आणि फोटोत रस्ता वाऱ्यासारखा पळताना दिसतो. इंजिन बंद का, तर त्याची थरथर दांड्यात उतरते. दांडा नंतर संगणकावर पुसतात. जाहिरातीत हे शोभतं. पण पुट्टी भरलेल्या, नव्याने रंगवलेल्या किंवा रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) लावलेल्या पत्र्यावर कप लावू नका, रंग सोलून हातात येतो. आणि इंजिन बंद असताना स्टिअरिंग नि ब्रेक जड होतात, तेव्हा स्टिअरिंगवर जाणता माणूस बसवा, आणि जागा सपाट, खासगी असू द्या.

चालत्या गाडीच्या डिकीत बसून मागच्या गाडीचे फोटो काढायचे बेत मात्र सोडून द्या. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात दर रविवारी हे चाललेलं दिसतं आणि पोटात गोळा येतो. ओला घाट, धुकं, वळणापलीकडून येणारा टेम्पो, आणि डिकीत पाय सोडून बसलेला विशीतला मुलगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगला शिक्षा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाहीये. बंद ट्रॅक मिळाला, पट्टा बांधलेला असला आणि दोन्ही ड्रायव्हर तयारीचे असले तर करा. नाहीतर वळणाच्या बाहेर सुरक्षित जागी उभं राहून पॅनिंग करा, फोटो तितकाच चांगला येतो.

आता साध्या फोटोची बाजू, कारण मला तो मनापासून आवडतो. नवी गाडी दारात आली, बॉनेटवर हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आई ओवाळतेय, बाबा नवी किल्ली हातात घेऊन नक्की कुठे बघावं या संभ्रमात. हा फोटो मोबाइलवर, उभ्याउभ्या, लगेच काढायचा. तिथे सीपीएल फिरवत बसलात तर लिंबू चिरडून झालेलं असतं. गाडीच्या दारावर शेजारचे पाइप दिसू देत, तीस वर्षांनी त्या पाइपांवरूनच घर ओळखतील.

विकायच्या गाडीचा फोटोही साधाच हवा, आणि इथे मी हट्टी आहे. ढगाळ उजेड, चारही कोपरे, टायरची उरलेली नक्षी, ओडोमीटर, आणि जिथे ओरखडा आहे तिथे ओरखडा. संध्याकाळच्या उजेडाची जादू करून पोचे झाकायला मला सांगितलं गेलंय. मी ते काम घेत नाही.

मोठ्या माणसांनीही साधेपणातून खूप काढलंय. फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी ॲम्बॅसडर गाडीच्या खिडक्या, आरसे, दारं यांच्याच चौकटी करून देश टिपला. गाडी फोटोत अर्धीमुर्धी, करामत काही नाही, आणि तरी ॲम्बॅसडरमधून प्रवास केलेल्या कुणालाही तो फोटो अंगावर येतो. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हाही मला लोकांनी जाता जाता काढलेले फोटो जास्त भिडले. बाहेर लावलेलं मीटर, सीटवरचं फुलाफुलांचं कापड, टपावरचं कॅरिअर. ते कुणी नोंद म्हणून काढले नव्हते, पण आज नोंद म्हणून तेच उरलेत.

तेव्हा पुढच्या चार रविवारांसाठी सांगते. एकाच मित्राची एकच गाडी घ्या. पहिल्या रविवारी कॅमेऱ्याशिवाय, फक्त प्रतिबिंब बघायला. दुसऱ्या रविवारी त्याच माळावर तिवई घेऊन, लेन्स ५५ वर, आणि पूर्ण संध्याकाळभरात दहाच फोटो. तिसऱ्या रविवारी पहाटे शहरात, दगडी भिंतीसमोर. मुंबईत असाल तर बॅलार्ड इस्टेट, रविवारी सहाच्या आधी. तिथल्या दगडाचा ऊबदार रंग गाडीच्या अंगावर उतरतो आणि ओळीने उभ्या इमारतींमुळे प्रतिबिंबही शिस्तीत येतं. चौथ्या रविवारी मित्राला विचारा की या गाडीत त्याला सर्वांत जास्त काय आवडतं. तो ‘पळते बघ कसली’ म्हणाला तर १/६० लावून रस्त्याकडेला उभे राहा. ‘आजोबांनी घेतलेली आहे’ म्हणाला, तर आजोबांना गाडीत बसवा, काच खाली करायला सांगा आणि त्यांच्या हाताचा, स्टिअरिंगवर असताना, एक फोटो आधी घ्या.